आधी, मग, शेवटी

६ जानेवारी १९७४
सुजाताला वेड लागलंय. सातवीचं पुस्तक आणि लाल-निळी पेन्सिल. हणमंतराव मास्तरांनी सांगितलंय म्हणे — गोष्टीत माणसं बघा, माहितीच्या धड्यात बांधणी बघा. 'आधी, मग, शेवटी' आलं की तो क्रम, खाली निळी रेघ. 'म्हणून, त्यामुळे' आलं की कारण, खाली लाल. मी म्हणलं, धडा वाच की नुसता, त्याचे हातपाय कामून मोजायलीस? हसली. आई गेल्यापासून नातीचे दात दिसले नव्हते.

९ जानेवारी
आता माझ्या बोलण्यावर रेघा! लाकूड ओलं म्हणून भाकरी कच्ची राहिली म्हणलं, तर — "आज्जी, लाल." शेजारच्या दानम्माच्या सुनेला माझ्या गेलेल्या सुनेच्या, सुमनच्या नखाची सर नाही म्हणलं, तर — "ही तुलना." म्हणलं, तुलना कशाची, खरं हाय ते.
विहारातल्या वर्गात मी म्हातारपणी अक्षरं शिकले. बांधणी कोणी शिकवली नाही.

१४ जानेवारी
सुमनची मावशी करजगीहून दुखवट्याला बसायला आली. सून जाऊन वर्ष होत आलं, हिला आता सवड झाली. मी नेहमीचं सांगितलं. आधी कळा सुरू झाल्या. मग अंगावरून जायला लागलं. मग भालकीच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. वाटेत पाणी मागितलं. शेवटी ओढ्यापाशी मान टाकली.
आपल्यात असंच सांगतात. येईल त्याला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकणारी डोळ्याला पदर लावते, उठते. कामून मेली हे कोणी पुसत नाही. पुसणं वाईट दिसतं.
मावशी गेली आणि सुजाता म्हणाली, "आज्जी, सगळं निळंच हाय. लाल कुठंच न्हाई."
कानाखाली द्यावी वाटली. हात उठला नाही.

१५ जानेवारी
आज काही लिहायचं नाही.

२० जानेवारी
लाल आहे. मला ठावं आहे. सुजातापाठच्या दोन पोरी गेल्या तेव्हाच भालकीची डॉक्टरीणबाई म्हणाली होती — हिच्या अंगात रक्त नाही, आता मूल नको. भीमराज, माझा लेक, तिथंच म्हणाला, "पोरगा झाल्याबिगर न्हाई." सुमन पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली.
पोरगाच झाला. तोही तिच्यासंगं गेला.
हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगू? बाप आहे तिचा. साखर कारखान्यातून येताना तिच्यासाठी उसाचं कांडं आणतो.

२ फेब्रुवारी
भीमराजनं दुसरी बघितली. चिंताकीची, पोरसवदा. तिची माणसं पुढच्या रविवारी घर बघायला येणार.
"माय, सुमनचं पुसतील ते. नेहमीसारखं सांग."
नेहमीसारखं! त्याला शाळेशिवाय कळते बांधणी.
म्हणलं, दुसरी कामून करायलास?
"घराला पोरगा नको व्हय?"
सुजाता तिथंच भांडी घासत होती. हात थांबला तिचा. मग पुन्हा घासायला लागली, जोरात.

७ फेब्रुवारी
त्या चिंताकीच्या पोरीचं तोंड मी बघितलं नाही. तरी डोळ्यापुढून हलत नाही. तीही अंगठ्याकडंच बघत असेल.

१० फेब्रुवारी
आले. पोरीची आई इंदिराबाई माझ्याजवळ टेकली. "अक्का, पहिली कशानं गेली?"
भीमराज माझ्या तोंडाकडं बघत होता. सुजाता चहा घेऊन उभी.
मी आधी-मग लावलंच नाही. म्हणलं, "डॉक्टरीण मूल नको म्हणाली होती. ह्याला पोरगा पाहिजे होता. म्हणून गेली."
चहा न घेता उठले. भीमराज त्यांच्या मागं गेला, अजून आला नाही.
सांजच्याला सुजातानं ताटं वाढली. दोनच.