मोकळ्या गाडग्यातला हरभरा

२७ ऑक्टो.
वैष्णवी, माझी नात, आजपासून माझं लिहिणार. सरांनी तिला प्रयोगाची नोंदवही ठेवायला सांगितलंय. मी म्हटलं, मग माझीही ठेव. अक्षर येत नाही म्हणून माझे दिवस काय वाया जातात का?
बारावीला स्वतःच्या डोक्यानं एक प्रयोग करून द्यायचा. नाही दिला तर पास नाही. हिनं हरभरा घेतला. तीन गाडगी. एकात राख, एकात कडूलिंबाचा पाला, एक मोकळं, नुसता हरभरा. तिन्हीत मोजून दहा-दहा भुंगे सोडले. जन्मभर मी किडे निवडून बाहेर टाकले, ही निवडून आत टाकते. लिही, हसू नको.
मोकळं कशाला? म्हणली, "राखेनं काय फरक पडला ते कळायला काहीच न केलेलं एक लागतं, आज्जी."

३० नोव्हें. रवि.
मोजणी. राखेत सगळे मेलेले. पाल्यात थोडे जिवंत. मोकळ्यात मोजता मोजता ही दोनदा चुकली. म्हटलं, मला विचारलं असतंस तर एका वाक्यात सांगितलं असतं.
"तुझं वाक्य सर धरत न्हाईत. आकडा लागतो."
बरं बाई. मोज.

१८ डिसें.
उद्या येळवस, शेतात जाऊन जेवायची अमावस्या. शेतात न्यायच्या भज्जीच्या भाज्या निवडून झाल्या, आंबील झाली. संध्याकाळी उमरीची व्याहीण येतेय. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की आधी धान्यात डोकावते. दुपारी उन्हात थोडं काम केलं. कोणतं ते विचारू नको. "थोडं काम" एवढंच लिही.

२१ डिसें. रवि.
शेवटच्या मोजणीला हिनं मोकळं गाडगं उघडलं. एक भुंगा नाही. दाणे स्वच्छ, वर राख चोळलेली. गाडग्यांची अदलाबदल झाली का म्हणून चिठ्ठ्या उलट्यासुलट्या करून राहिली. तास गेला. मला बघवेना.
लिही. मोकळं गाडगं मी पाखडलं. ऊन दाखवलं, राख लावली. भुंगे कोंबड्यांनी खाल्ले. व्याहीण बघेल, गावभर सांगेल की हे किड्याचा हरभरा ठेवतात, म्हणून.
पेन थांबलंय हिचं.
लिही, माय. हेही लिही.

२५ डिसें.
चार दिवस वही बंद. माझ्याशी बोलणंही बंद. भाकर मात्र वाढत होती, न बघता.
काल जेवताना माझा दिगंबर, म्हणजे हिचा बाप, म्हणला, "टाक की आकडे मनानं. गाडग्यात कोण डोकावायला येतंय?" खरं सांगते, मला ते पटलं. माझा गुन्हा झाकत होता.
वैष्णवी म्हणली, "मग दोन महिने मी काय केलं, पप्पा?"
दिगंबर ताट उचलून उठला.
आज सरांना फोन. सर म्हणले, "झालं ते लिही आणि पुन्हा मांड. चोवीस जानेवारीला तोंडी परीक्षा. दिवस वाढवून मिळणार नाहीत."
महिनाच हाती, त्यात थंडी. थंडीत भुंगा आळशी होतो. म्हटलं, गाडगी चुलीच्या भिंतीला मांड. उबेला लवकर फळतात. हे मी सांगितलं. तिन्ही चुलीपासून सारख्या अंतरावर पाहिजेत, हे हिनं सांगितलं. दोघींचं मिळून मांडलं, नवे दहा-दहा भुंगे मोजून.

११ जाने. रवि.
दाण्यांवर पांढरे ठिपके. अंडी. मोकळ्यात जास्त. माझे हात शिवशिवतात, पदरात गुंडाळून बसते. सुनेला चुलीपाशी झाडू देत नाही.
"आत्याबाई, भुंग्यांची राखण का आता?"
हाव, राखणच, म्हटलं.

१५ जाने.
हळदीकुंकवाला व्याहीण आली. डोकावलीच. "अगं बाई, कीड."
म्हटलं, "आमचीच हाय. मोजून सोडलीय. हात लावायचा न्हाई."
चहा न घेता गेली. जाऊ दे.

२३ जाने.
शेवटची मोजणी. राखेत काही नाही. पाल्यात भोक पडलेला एक दाणा. मोकळ्यात भोकाचे पाच, बाहेर आलेले नवे भुंगे तीन, दोन अजून आत. बस. हिचं तोंड उतरलं. "पाच दाण्यांवर कोण पास करंल?" पण पाचाचे सहा केले नाहीत.
मग अहवाल वाचून दाखवला. "घरातील एका व्यक्तीमुळे पहिला प्रयोग अपूर्ण राहिला." विचारलं, व्यक्ती कोण? नाव नाही का तिला?
"सर वाचतील, आज्जी. बाहेरचे बी येणार हायेत."
वाचू दे. गयाबाई लिही. का केलं तेही लिही.
मग खोडून लिहिलं. खाली मी अंगठा उठवला. कुणी मागितला नव्हता.

२४ जाने. अहमदपूर.
कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर. दिगंबर म्हणत होता, तू जाऊन काय करशील? म्हटलं, कागदावर नाव माझं हाय, विचारलं तर हजर नको का?
आधीची पोरगी डोळे पुसत बाहेर आली. बाहेरून आलेले सर कडक आहेत म्हणे. वैष्णवीचे हात गार पडलेत, म्हणून वही काढायला लावली. हात चालता बरा.
आकडा एवढाच का विचारलं, तर थंडी सांग. पहिला प्रयोग कुठं गेला विचारलं, तर दाराकडं बोट दाखव. मी इथंच बसलेय. आणि मान खाली घालायची नाही, मोजताना घातलीस तेवढी पुरे. अजून एक, पाल्यातल्या त्या दाण्याचं विचारलं तर
थांब. तुझं नाव घेतलं.