हौशाचा गुडघा आणि माझे आठ दिवस

११ फेब्रुवारी २००८, हळ्ळीखेड (बी)
हौशा लंगडतोय. दुपारी रस्त्यानं मेंढरांचा कळप दुबलगुंडीकडं चालला होता. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत लागला तेव्हाच आमची मेंढरं विकली, तीन वर्षं झाली. पण हे कुत्र्याला कोणी सांगितलेलं नाही. गोठ्याच्या भिंतीवरून त्यानं कळपाकडं उडी टाकली. एकदाच ओरडला. मागचा उजवा पाय पोटाशी धरून उभा. अप्पा अनवाणी धावले. वडिलांना धावताना कितीतरी वर्षांनी पाहिलं.

१४ फेब्रु.
सूज उतरली, पाय टेकत नाही. अप्पा हळद-चुना लावतात आणि त्याच्याशी बोलत बसतात. घरात आम्ही दोघंच, पण माझ्याशी दिवसभरात एवढं बोलणं होत नाही.
त्यांना डाग द्यायचा होता. विळा लाल करून गुडघ्यावर फुली. कळपातल्या लंगड्या मेंढराला हेच औषध. "शीर आखडली की चटक्यानं मोकळी व्हती." म्हटलं, आधी बीदरला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू, मग तुमचं. कसेबसे कबूल झाले.

१६ फेब्रु.
बीदर. बसमध्ये कुत्रं घेत नाहीत, भाजीच्या टेम्पोतून गेलो. अप्पा हौशाला धरून बाहेर बसले, डॉ.नी मला आत बोलावून सांगितलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करून नायलॉनचा दोरा घालायचा. नीट चालायला तीन महिने, तोवर बांधून ठेवा.
तीन महिने! अप्पा हे ऐकतील? घरी पोचताच विळा तापवतील. मी बाहेर आले.
"किती दिस म्हणायलाय डाक्टर?"
"आठ दिवस, अप्पा."
तोंडातून निघून गेलं. "आठ काय, काढू की," म्हणाले आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. खरं नंतर सांगेन.

१९ फेब्रु.
ऑपरेशन झालं. मी रजा टाकलेली, मु. अ. विचारतात, घरात कोण आजारी? कुत्रं म्हटलं असतं तर शाळेत हसायला वर्षभर पुरलं असतं. पाय भादरलेला, काटकीएवढा दिसतो. अप्पांनी टाके बघून मान फिरवली.

२४ फेब्रु.
टाके चाटू नये म्हणून बूड कापलेली बादली त्याच्या गळ्यात. चौकटीला आपटत फिरतो, म्हणून दोरीही आखूड केली. मला हसू आलं, अप्पांना नाही. "बांधून घातलेलं कुत्रं, ते काय कुत्रं हाय व्हय?"
ऑपरेशनपासून रोज सकाळी बोटं मोजतात. आज पाच झाली. सांगायला हवं. पेपर काढायचे राहिलेत, उद्या बघू.

२८ फेब्रु.
नऊ. पाय अजून वरच.
"डाक्टरचं औषध लागू पडंना गं."
"पडेल. दम धरा."
एवढंच बोलले मी. आणि वह्या तपासायला बसले.

१ मार्च
सकाळची शाळा करून आले. अंगणातच केस जळाल्याचा वास. बादली बाजूला. हौशा खाटेखाली. गुडघ्यावर फुली, टाक्यांच्या वरून. अप्पा त्यावर तूप लावत होते.
"हे काय केलात अप्पा?"
"आठ दिस थांबलो की. तू दम धर म्हणलीस म्हणून वर तीन दिस थांबलो. त्याचं तोंडबी बांधलो न्हाई. माझ्याकडं बघत गप पडला बघ."
मी ओट्यावर बसले ती बसलेच. चूल पेटवायची शुद्ध नव्हती. लहानपणी पोट फुगलं म्हणून माझ्या पोटावरही अप्पांनी अशीच फुली दिली होती. मी जगले. तेव्हापासून त्यांचा विळ्यावर विश्वास. रागवायचं तरी कुणावर? तो आठचा आकडा माझा.

३ मार्च
परत बीदर. डॉ. पट्टी बांधता बांधता थांबून म्हणाले, "कोणी केलं हे?"
मी अप्पांकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. पुरलं तेवढं. डॉ. त्यांना वाट्टेल ते बोलले. अडाणी, कसाई. सत्तरीचा माणूस हात जोडून उभा. मी बाजूला पिशवी धरून.
जखमेतला पू आत उतरला तर दोरा काढावा लागेल, मग पायाचं सांगता येत नाही. शुक्रवारी पट्टी सोडून ठरवणार.
मी अशी आहे हे मला माहीत नव्हतं.

५ मार्च
अप्पा हौशाला हात लावत नाहीत. भाकरी लांबून सरकवतात. तो शेपूट हलवतो, हे दुसरीकडं बघतात. स्वतः दोन दिवस चहावर. "माझ्या हातानं वाटोळं झालं त्याचं."
ते ऐकवेना. सांगून टाकलं. डॉ. तीन महिने म्हणाले होते, आठ दिवस मी केले.
रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.
"हे तितं डाक्टरसमोर कामून न्हाई बोललीस?"
मी उठून हौशाचं पाणी भरलं.
टेम्पोवाल्याला शुक्रवारचं सांगितलंय. अप्पा येतो म्हणाले नाहीत. येत नाही, असंही म्हणाले नाहीत.