मधल्या घराचा नियम

३ ऑगस्ट, सोमवार
मेरेआना शाळेतून पुठ्ठा घेऊन आली. त्यावर आठ टोकांची चांदणी, मधे एक घर. "आजी, शनिवारी सभाघरात आपल्या जुन्या माओरी खेळाचे, मू तोरेरेचे, नियम तू सांगायचेस. तू सांगशील तेच इथल्या सगळ्या शाळांत शिकवणार." म्हटलं, तिसरीत शाळा सोडलेल्या बाईला विचारता? नात म्हणाली, "शिकलेल्यांना विचारून झालं. त्यांना येत नाही."

४ ऑगस्ट
घोळ झालाय. दोघांचे चार-चार खडे ओळीनं टोकांवर, रिकामं फक्त मधलं घर. खडा लागूनच्या रिकाम्या जागी सरकवायचा; ज्याला सरकवता येत नाही तो हरला. आम्ही खेळतो ते असं — ज्या खड्याच्या शेजारी परका खडा, त्यालाच मधे जाता येतं.

पण हा नियम आला कुठून? मी सात वर्षांची होते. माझ्या थोरल्या भावानं, तुरोआदादानं, आपल्याच दोन खड्यांमधला खडा उचलून मधे ठेवला. रिकामं झालेलं टोक त्याच्याच खड्यांच्या मधे, मला हलायला जागाच नाही. एका चालीत हरले! खडे चुलीत फेकले. तेव्हा आमच्या आजीनं हा नियम सांगितला. माझ्यासाठी काढला. मग तो पूर्वजांचा कसा? सभाघराच्या खांबांवर ते पूर्वजच कोरलेत. त्यांच्यासमोर माझ्या रडण्याला परंपरा म्हणू?

५ ऑगस्ट
डाव्या हातानं उजव्या हाताशी खेळले. नियम नसेल तर पहिल्या चालीत खेळ खलास. असा खेळ कोण कशाला करेल? डोकं भणाणलं. रताळी करपली.

६ ऑगस्ट
दादाकडे गेले. वय सत्त्याहत्तर, खोड तीच.
"नियमबियम नव्हता. तू भोकाड पसरलंस म्हणून आजीनं काढला."
"मग आजीशी खेळताना तू एका चालीत जिंकायचास?"
"चहा घे, गार होतोय."
हे काय उत्तर झालं?

७ ऑगस्ट, शुक्रवार
उद्या काय बोलू? जुना म्हटलं तर खोटं. नवा म्हटलं तर तो गाळतील, पोरांच्या हाती एका चालीचा खेळ. मेरेआना म्हणते, "खरं ते सांग." कुठलं खरं? सोळा नातवंडांत आजीनं माझ्यासाठी केलेली ही एकच गोष्ट. ती सगळ्यांसमोर सांगायचीही नाही मला.

८ ऑगस्ट
मी उठायच्या आत दादा काठी टेकत उभा राहिला. "नियम जुनाच आहे. आजीनं मला आधीच शिकवला होता. हिला मी सांगितला नाही, जिंकायचं होतं म्हणून." लोक हसले.

म्हणजे आजीनं माझ्यासाठी काही काढलं नव्हतं. मला शिकवायचं तेवढं राहून गेलं होतं.