दोन मतदानांच्या मधलं लग्न

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि त्यापुढे जी काय अक्षरं राहिली असतील ती तू लावून घे.

मी खुशाल आहे. सभांची स्टेजं बांधायच्या कामात आता चांगला रुळलोय. गॅरेज, बेकरी, रंगकाम, सगळीकडून पळालेला तुझा भाऊ इथे मात्र टिकलाय. बांबूवर चढलं की सगळं मैदान खाली दिसतं, आणि पायांना सुटलेली खाज तिथेच जिरते. आमचे मेस्त्री तोंडाचे तिखट आहेत, पण हाताला धरून शिकवतात. त्यांनी सांगून ठेवलंय की देशाची आणि राज्याची, दोन्ही निवडणुका होईपर्यंत जो टिकेल त्याला स्वतःची टोळी, हाताखाली चार माणसं. मधेच जो पळेल त्याने परत तोंड दाखवायचं नाही. ताई, मला ती टोळी हवी आहे.

गोम एवढीच की दोन्ही निवडणुका एकदम होणार की वेगवेगळ्या, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा तुझ्या लग्नाची तारीख धरताना बाबांना म्हणावं, जरा दमानं घ्या. तुझं लग्न लागतंय आणि मी इथे खिळे ठोकतोय, असं व्हायला नको.

आईला नमस्कार. लोभ ठेव, माझ्याकडून पत्राला उशीर झाला तरी.
तुझा भाऊ

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाय एका जागी ठरावेत म्हणून एक जास्तीचा.

दमानं घेणं बाबांच्या स्वभावात आहे का? त्यांनी दुकानात दाढीला बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं की निवडणुका एकदम होतील ना? वस्तरा गळ्याशी असताना नाही कोण म्हणणार! झाडून सगळे हो म्हणाले. मग बाबांनी घरी येऊन जाहीर केलं की दोन्ही निवडणुका एप्रिलमध्येच उरकणार, अख्ख्या गावाचा कौल आहे. नऊ जून ठरली. शाळेचा हॉल घेतला, पत्रिकाही छापायला टाकल्या. आईने आधी सरकारला तारीख लावू द्या म्हणून बघितलं, तर तिलाच चार गोष्टी ऐकाव्या लागल्या.

तुझे होणारे भावजी नेहमीसारखे हसले आणि बस घेऊन फेरीवर गेले. या माणसाला राग येतो की नाही, हे लग्नानंतरच कळणार. मला मात्र एवढंच कळतं की तू नसलास तर मला त्या दिवसाचं काही गोड लागणार नाही.

माया आहेच, ती पत्रात मावत नाही.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
नमस्कार. आज पुढची अक्षरं सुचत नाहीत.

रेडिओवर तारखा सांगितल्या. देशाची निवडणूक एप्रिलमध्ये, राज्याची वेगळी. राज्याचं मतदान नऊ जूनला! बाबांच्या गिऱ्हाइकांच्या दाढ्या अर्ध्याच ठेवायला हव्या होत्या.

सात जूनपर्यंत इथे रोज सभा, आणि मग लगेच स्टेजं उतरवायची. सुट्टीचं नाव काढणं म्हणजे टोळीवर पाणी सोडणं. मग मी ठरवलं. मेच्या शेवटी बोचकं उचलायचं आणि कुणाला न सांगता निघायचं. काम काय, दुसरं मिळतं. बहीण एकच आहे. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा, घाईत

२५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि सोबत कान धरून पिरगाळलाय असं समज.

खबरदार बोचकं उचलशील तर! नऊ जूनला तू आलास तरी लग्नाला आहे कोण? पाणीपट्टीच्या कचेरीतून मला मतदान केंद्रावर ड्यूटी लागली. भावजींची बस निवडणुकीच्या कामाला लावली. म्हणजे नवरा बसवर, नवरी केंद्रात, आणि बाबांनी घेतलेला हॉल हेच ते केंद्र! पाहुणे यायचे आणि बोटाला शाई लावून परत जायचे. बाबा दोन दिवस दुकानात नुसता वस्तरा पाजळत बसले. गिऱ्हाइकांनी घाबरून दाढ्या वाढवल्या.

आता बारा मे ठरलीय, दोन मतदानांच्या मधे. शाळेत तेव्हा मतदानाची यंत्रं कुलपात असणार आणि दारात पोलीस, त्यामुळे हॉल गेलाच. डेपोच्या साहेबांनी मागचं आवार वापरायला दिलंय. तिथे मांडव लागेल.

तू मेस्त्रींना सरळ विचार. आजवर एकाही कामावरून तू विचारून निघालेला नाहीस. एकदा विचारून तर बघ, नाही म्हणाले तर मग बघू.

काळजीत, तरी तुझीच,
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आज सगळी अक्षरं जागेवर.

विचारलं! मेस्त्री फळीवर रंधा मारत राहिले, मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले की आजवर कितीतरी पोरं गेली, रिकामं अंथरूण दिसलं की त्यांना कळायचं. समोर येऊन विचारणारा तू पहिला. सुट्टी मिळाली, पण राज्याच्या सभांसाठी टोळ्या आता चौदा मेलाच पाडणार, त्या सकाळी मैदानात नसलो तर माझी टोळी दुसऱ्याला देणार.

मांडवाला कुणी हात लावू नका. तो मी बांधणार.

आनंदात,
तुझा भाऊ

१७ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, या वेळी दोघांचे.

अरे, लग्नाचं स्टेज इतकं उंच कुणी बांधतं? तुला पुढाऱ्यांची सवय, आणि आम्ही दोघं डोक्याएवढ्या उंचीवर खुर्च्या टाकून! पाहुण्यांच्या माना अवघडल्या. भेटी हातात द्यायला मावशीला शिडी लावावी लागली. त्यात बाबा वर चढले, समोर एवढी माणसं बघितली आणि त्यांनी चक्क भाषण ठोकलं. खालून गिऱ्हाइकांनी दाढीचे दर कमी करा म्हणून घोषणा दिल्या. तुझे भावजी तेव्हा इतके हसले की खुर्चीसकट मागे कलंडता कलंडता राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी, आई सगळ्या तुला आणखी दोन दिवस राहा म्हणून मागे लागल्या. मीही मनात तेच म्हणत होते, पण बोलले नाही. तू जेवणाचं ताट अर्धं टाकून स्टँडकडे निघालास. बाबा पोचवून आले आणि बराच वेळ दारातच उभे होते.

गाडी वेळेवर पोचली का? टोळीचं काय झालं? जीव टांगणीला लागलाय, लगेच कळव.

तुझी, आडनाव बदललेली पण तीच,
ताई

२४ मे

ती. ताई आणि भावजींस,
दोघांना एकदमच नमस्कार.

गाडी वाटेत रखडली. शेवटचा रस्ता मी बूट हातात घेऊन पळत काढला. पोचलो तेव्हा मेस्त्री मैदानात दोरीने खुणा आखत होते. लग्न कसं झालं वगैरे काही नाही. दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, चार माणसांकडे मान उडवली आणि यांना कामाला लाव म्हणून निघून गेले.

ताई, त्या चौघांतला एक माझ्या दुप्पट वयाचा. पहिला बांबू कुठे रोवू, असं त्याने विचारलं आणि मेस्त्री म्हणून हाक मारली. मेस्त्री परत आले की काय म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

मग मी पाय टेकून जागा दाखवली.

लोभात आता भावजींचाही वाटा झाला, तरी माझा कमी करू नकोस.

तुझा,
भिंगरी
(पाकिटावर हे नाव घालू नकोस, चार माणसं बघतात.)