बुधरीबाईचा वाटा

सावरटोला, ता. कुरखेडा
२ मार्च, रविवार

प्रिय मयुरी,

सप्रेम जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. रश्मीच्या हाती पाठवतोय. वहिनीला दारातून परत पाठवण्याइतकी तू निष्ठुर नाहीस, आणि तुझी वहिनी मुकाट्याने परत जाण्याइतकी साधी नाही. तू शेवटपर्यंत वाचेस्तोवर ती ओट्यावरून हलायची नाही, असं तिला सांगून ठेवलंय.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा ठीक आहे. मोहफुलं पडायला लागली. माझ्या डोक्याचे टाके निघाले, सात होते. लहानपणी चिंचा पाडताना तुझा एक नेम कधी लागला नाही, आणि हा बरोबर कानाच्या वर बसला.

त्या दिवसाबद्दल तुझा राग आहे तो आहेच. पण तू जे पाहिलंस ते अर्धंच होतं, म्हणून पुन्हा लिहितो.

भोपाळच्या प्रयोगशाळेतून तुमच्या डुकरांचा अहवाल आला, आफ्रिकन स्वाइन फीवर. त्याला औषध नाही, लस नाही. माणसाला होत नाही, पण डुकराला सोडत नाही. एक किलोमीटरच्या आतलं एकही डुक्कर जिवंत ठेवायचं नाही, असा आदेश निघाला. तुमच्या-आमच्या दोन्ही जिल्ह्यांची माणसं, महसूल, पोलीस, ग्रामपंचायत मिळून पथक झालं. आमच्याकडच्या टोल्यांवर आम्ही आधीच तीनशेवर मारली होती. हात बसलेली माणसं हवीत म्हणून आम्हाला तुमच्याकडे चिमूरला बोलावलं. आमचे डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "प्रफुल, बहिणीचं घर आहे, तू नको येऊ." मीच हट्टाने गेलो. तुला वाटलं असेल, भावाला नोकरी प्यारी. नोकरीचं काही नव्हतं. कशाचं होतं ते पुढे लिहितो.

बेचाळीस डुकरं होती तुमची. आधी भुलीचं इंजेक्शन, मग मरणाचं, असं कागदावर असतं. पण पहिल्या डुकराच्या किंकाळीनंतर बाकीची काय कागद वाचतात? बोक्याने, तुमच्या त्या थोरल्या नराने, लोखंडी फाटक उखडलं आणि आमच्या पथकातल्या कोलूची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली. तो पडला तिथेच त्याच्यावरून दहा डुकरं गेली. पोलिसांनी लाठ्यांनी हाणून हाणून त्यांना कोपऱ्यात लोटलं. तुझा नवरा कुऱ्हाड घेऊन धावला, तिघांनी पवनला चिखलात दाबून धरलं. तू एका शिपायाचं मनगट चावलंस. रक्त, विष्ठा, चुना, सगळ्यांचा एकच चिखल झाला होता.

ढवळी मात्र कुणाला सापडत नव्हती. बाटलीने दूध पाजून वाढवलेली तुझी ती मादी वैरणीच्या मागे जाऊन बसली होती. साहेबांनी विचारलं, "हिला कोणाची सवय आहे?" तू माझ्याकडे बघून मान हलवत होतीस, नको, नको. मी हाक मारली. ती आली. माझ्या हाताला तोंड लावून हुंगत उभी राहिली, आणि मी तिच्या मानेत सुई घातली.

मग खड्डा. जेसीबी माती लोटणार, तेवढ्यात चुन्यातून एक पिलू वर आलं. पांढरं झालेलं, ओरडत, पुढच्या दोन पायांवर. त्याला सुई द्यायची राहिली होती, ती चूक माझी. वर काढून पुन्हा टोचायला हवं होतं. मी खाली उतरलो आणि फावड्याने मारलं. एकदा नाही. चार वेळा. चौथ्याला तुझा दगड लागला.

"काऊन आला तू, माह्या दारात मरण घेऊन?" असं ओरडलीस. मयुरी, तू रागात म्हणालीस, पण तुझ्या तोंडून खरं निघालं होतं.

पवनने डुकरं पाळणाऱ्या त्या विक्कीचं काय केलं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. खड्डा बुजला, पथक हात धूत होतं, तेव्हा पवन माझ्याजवळ आला. चिखलाने भरलेला, डोळे सुजलेले. म्हणाला, "भाऊ, तुमी दवाखान्यातले. सांगा, विक्कीनं मागच्या महिन्यात चार पिल्लं देल्ली, त्यायनंच आणला ना हा रोग?"

मी म्हणालो, "असू शकते."

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पवनने नागभीडच्या बाजारात विक्कीला गाठलं आणि तोंडावर लोखंडी सब्बल घातली. डावा डोळा गेला, जबडा मोडला. परवा मी चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याला बघून आलो. त्याची आई बायनाबाई नळीने त्याला पेज पाजत होती. मला ओळखल्यावर तो वहीत लिहून दाखवू लागला, बोलता येत नाही त्याला. लिहिलं होतं, "भाऊ, सांगा न त्यायले, माही पिल्लं बिमार नव्हती." खरंच नव्हती. त्याचं घर त्या एक किलोमीटरच्या बाहेर, आणि त्याच्या घरची एकवीस डुकरं आजही धडधाकट आहेत. रोग त्याच्याकडून आला असता तर आधी तीच मेली नसती का? हा साधा हिशेब कुणी केला नाही, कारण मी "असू शकते" म्हणालो होतो.

आता ऐक.

जानेवारीत मी तुझ्याकडे आलो होतो. डब्यात पळसाच्या पानात बांधलेलं मटण होतं. पवन म्हणाला होता, जंगलातल्या डुकराची चवच न्यारी. ते जंगलातलं नव्हतं, आमच्या टोल्यावरच्या बुधरीबाईच्या घरचं होतं. तिच्या नातवाच्या कार्याला डुक्कर कापलं होतं. इकडची रीत तुला माहीत आहे, कापलं की घरोघर वाटा जातो, आणि आल्या पाहुण्याने तो नाकारला तर घरधनी त्याच्या दारात पुन्हा पाय ठेवत नाही. मी तिच्या बकऱ्यांना लस द्यायला गेलो होतो. म्हणाली, "वाटा घेतल्याबिगर कसा जाशीन, भाऊ?" घेतला.

पण रीतीवर ढकलून मी सुटत नाही. कापण्याआधी मी ते जनावर पाहिलं होतं. कान तांबडे पडले होते, पाय ओढत होतं. घाईने कापलं ते त्यासाठीच, मरायच्या आधी. वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून काढली मी, आणि मनाला सांगितलं, ऊन लागलं असेल. जानेवारीत ऊन!

तुझ्या घरी मटण मी धुतलं. तू पोळ्या करत होतीस. तुम्ही खरकटं उकळल्याशिवाय डुकरांना कधी देत नाही, प्रशिक्षणात शिकून आलात ते पाळत होता. मी ते रक्ताचं पाणी आणि चरबीची छाटणं उचलली आणि तशीच ढवळीपुढे टाकली. लाडाने. म्हणून ती माझ्या हाकेला आली. तिला वाटलं, मी पुन्हा काहीतरी आणलंय.

बारा दिवसांनी तुझा फोन आला, "भाऊ, ढवळी खात नाई." तेव्हाच मला कळलं. पथकात हट्टाने आलो ते यासाठी, की तपासणीचा फॉर्म दुसऱ्या कुणी भरू नये. त्यात प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत बाहेरून कच्चे मांस आणले का? तुझ्या ओट्यावर बसून मी लिहिलं, नाही.

पवन जामिनावर सुटलाय आणि चौकात म्हणतोय की विक्की घरी आला की दुसराही डोळा काढतो. विक्कीला मंगळवारी सोडतायत. हा कागद पवनला आज वाचून दाखव. कुऱ्हाड उचलायचीच असेल तर पत्ता माझा आहे. दहा ते सहा मी दवाखान्यात असतो, पळून जाणार नाही. आईला तेवढं त्याने सांगू नये, ते मी सांगेन.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. पोलिसांकडेही जाईल. साहेबांनी जुना फॉर्म काढून समोर ठेवला. "नाही"वर काट मारून "हो" लिहिलं, सही केली. खाली दोन रकाने रिकामे होते. मांस आणणाऱ्याचे नाव, आणि पशुपालकाशी नाते.

नाव लिहिलं. नात्यापुढे लिहिलं, सख्खा भाऊ. ते तुला खोडायचं असेल तर खोड.

प्रफुल