एकेचाळीस नावे

पनवेल,
रविवार, ता. २४ ऑगस्ट १९४७

चि. वेणू हिस अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पत्रे माझ्या मेजावर आहेत. एक जूनचे, एक जुलैचे आणि तिसरे परवा आले. एकाचेही उत्तर मी दिले नाही, त्याची क्षमा असावी. मी आजारी नव्हतो, फार कामात होतो असेही नाही. रोजनिशी रोज लिहीत होतो, म्हणजे लेखणी चालत होती. तुझ्या नावाने कागद घेतला की मात्र ती अडत असे. कारण पुढे येईलच.

शाळा बरी चालली आहे. तुझ्या आईचा, सखूबाईंचा, गुडघा पावसामुळे धरला होता. आता त्या हिंडूफिरू लागल्या आहेत. नाशिकला तुझ्या वर्गात साठ मुली झाल्या हे वाचून समाधान वाटले. साठ म्हणजे जरा जास्तच, घशाला जप.

पनवेलचा सोहळा तुम्ही डोळ्यांनी पाहणार, तर मला सगळे लिहून कळवा, असा तुझा आग्रह होता. म्हणून आधी ते लिहितो.

झेंडावंदन मामलेदार कचेरीपुढच्या पटांगणात सकाळी आठला होते. पण सहा वाजल्यापासूनच माणसांची रीघ लागली. न्हाव्याकडची मंडळी भरतीबरोबर होड्यांनी बंदरावर उतरली. पळस्प्याच्या बाजूने बैलगाड्या आल्या, त्या इतक्या की शेवटी पोलिसांनी बैल सोडायला लावून गाड्या रस्त्याकडेला उभ्या केल्या. घोंगड्या, इरली, छत्र्या आणि त्यांच्यामधून वर काढलेली लहान मुले. पाऊस अधूनमधून येत होता, पण कोणी आडोशाला गेले नाही. एक म्हातारा म्हणत होता, "अधिक महिन्यात आलंय बाबांनो सवराज, जावयावानी लाड करावं लागतील त्याचं!" त्यावर सगळी बाजू हसली. उद्या अमावास्या आणि आज कसला मुहूर्त काढला, अशी कुरकुर करणारेही होते. पण तेच सर्वांत पुढे उभे होते.

झेंड्याला पुरेशी उंच काठी मिळत नव्हती. ती बंदरावरच्या अब्दुल्लाशेठनी दिली. त्यांचा मचवा पावसाळ्यासाठी ओढून ठेवला आहे, त्याची डोलकाठी. सहा जणांनी ती खांद्यावरून आणली आणि मागून शेठ सूचना देत आले. मला म्हणाले, "मास्तर, ही स्वराज्याला उसनी दिलीय, दान नाय. नारळी पुनव झाली की मला मचवा सोडायचाय, ध्यान ठेवा."

झेंडा वर गेला. ओला होता म्हणून क्षणभर काठीला चिकटून राहिला, मग वाऱ्याने उलगडला. इतक्या गर्दीत इतकी शांतता मी कधी अनुभवली नाही. मला रडू आले. शेजारचेही रडत होते.

इथपर्यंतचे मी पाच दिवसांपूर्वीच लिहिले होते. तो कागद फाडून आज पुन्हा लिहिला, कारण पुढचे नसेल तर वरचेही खोटे ठरते.

झेंडावंदनानंतर तुरुंगवास भोगलेल्या सत्याग्रहींना एकेक करून मंचावर बोलवायचे ठरले होते. प्रत्येकाला फूल द्यायचे आणि छातीवर तिरंगी फीत लावायची. यादी माझ्याकडे होती. माझे अक्षर बरे, आवाज मोठा, आणि दोन महिने गावोगाव हिंडून नावे मीच जमवली होती. जूनच्या पत्रात तू लिहिले होतेस, "यादी तुमच्या हातात आहे म्हणून मी निर्धास्त आहे. माफीवाले तीत घुसू देऊ नका, मास्तर. माझे वडील असले तरीही." ते पत्र आले त्याच आठवड्यात समितीचे चिटणीस भगवानराव यांनी ठराव मांडला की माफी मागून सुटलेल्यांची नावे घेऊ नयेत. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली आणि ठराव वहीत लिहून घेतला.

मुंबईहून आणलेल्या कर्ण्यापुढे उभा राहून मी एकेचाळीस नावे वाचली. शेवटचे वाचून कागदाची घडी घालतो आहे, तोच मंचावरच्या रांगेतून बुधाजी म्हणाला, "मास्तर, एक ऱ्हायला."

"कोण?" मी विचारले. मला माहीत होते.

"कोन काय विचारता? तुळशीराम. ठान्याला माझ्या बाजूला निजायचा तो. तो माफी मागनारा मानूस नाय, मी तवाच बोल्लो व्हतो."

कर्णा चालूच होता, त्यामुळे हे सगळ्या पटांगणाने ऐकले. माणसे वळून पाहू लागली. तुझे वडील कचेरीच्या भिंतीशी उभे होते, डोक्यावर घोंगडी. शेजारी सखूबाई, नवे हिरवे लुगडे नेसून. नवे लुगडे कशासाठी नेसल्या असतील, हे माझ्या मनात त्या क्षणी आले आणि तरीही मी कर्ण्यात म्हणालो, "यादीत नाही."

कोणीतरी ओरडले, "माफीवाल्यांची येगळी यादी काढा!" हशा पिकला. त्या हशातून तुझ्या वडिलांचा आवाज आला, "बरोबर हाय मास्तरांचं. यादीत नाय मी. चालू द्या म्होरं."

सखूबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. पदर सावरून त्या झेंड्याकडे पाहत राहिल्या.

वेणू, आता जे लिहितो आहे ते मी सतरा वर्षे कोणाला सांगितलेले नाही. रोजनिशीतही नाही.

एकोणीसशे तीसच्या जंगल सत्याग्रहात तुझे वडील पळस्प्याच्या वरच्या राखीव रानात कोयता घेऊन गेले, पकडले गेले आणि वर्षाची सक्तमजुरी होऊन ठाण्याच्या तुरुंगात गेले. तू सात वर्षांची होतीस. पौषात तुझी आई बाळंत झाली, मूल राहिले नाही आणि तिचा ताप उतरेना. तुझी मावशी माझ्या ओटीवर येऊन बसली. म्हणाली, "मास्तर, तुमी विंग्रजी शिकलाव. तेला घरी आना, नायतर माजी भैन जाते."

मी अर्ज लिहिला. बायको मरणाच्या दारी आहे, दया करून सोडावे, एवढाच. एका ओळखीच्या वकिलांना दाखवला. ते म्हणाले, असे अर्ज रोज येतात. केल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो, पुन्हा चळवळीत भाग घेणार नाही, ही दोन वाक्ये घाला, आठ दिवसांत माणूस घरी. मी ती घातली. अर्ज इंग्रजीत होता. ठाण्याला जाऊन मी तो तुझ्या वडिलांना मराठीत वाचून दाखवला आणि ती दोन वाक्ये वाचली नाहीत. त्यांनी विचारले, "येवढाच हाय ना?" मी म्हणालो, "एवढेच आहे." त्यांनी अंगठा उठवला.

दहाव्या दिवशी ते घरी आले. तुझी आई वाचली. माफी मागून सुटल्याचे पोलीस पाटलाने चावडीवर वाचून दाखवले, त्या दिवशी मीही तिथे होतो आणि गप्प होतो. पुढे दोनच महिन्यांत सरकारशी तडजोड झाली, सगळेच सत्याग्रही सुटले आणि बुधाजीची लेझीम लावून मिरवणूक निघाली. तुझे वडील मात्र कायमचे माफीवाले झाले.

त्या तापात तुझ्या आईने दोन महिने काढले असते का? मला माहीत नाही. सतरा वर्षे मी या प्रश्नामागे लपलो आहे. जीव वाचवायला खोटे बोललो, असे स्वतःला सांगत आलो. पण जीव वाचल्यावरही मी बोललो नाही, त्याला काय म्हणायचे? आधी नोकरीची भीती होती; सत्याग्रहीसाठी धावपळ करणारा शिक्षक शाळेत राहिला नसता. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला फार वेळ लागला आहे. मी स्वतः रानात गेलो नव्हतो. बी.ए. होऊन आलेला, स्वराज्यावर व्याख्याने देणारा मी घरी राहिलो, आणि ज्याला मी तू म्हणतो आणि जो मला तुम्ही म्हणतो, तो गेला. त्याच्या नावापुढे माफी लागली तेव्हा मला वाईट वाटलेच. पण तळाशी कुठेतरी बरेही वाटले. आम्ही दोघे सारखे झालो असे वाटले.

यानंतरचे तुला ठाऊक आहे, पण अर्धेच. बेचाळीस साली तुला पुण्यात मिरवणुकीत पकडले, माफी लिहून दिलीस तर सोडतो म्हणाले आणि तू नाकारलेस. तीन आठवड्यांनी सुटल्यावर तू वडिलांना पत्र लिहिलेस. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते माझ्याच पत्त्यावर आले. त्यात होते, "मी तुमची मुलगी असून तुमच्यासारखी निघाले नाही, एवढेच कळवायचे आहे. मी आता घरी येणार नाही." हे मी त्यांना वाचून दाखवले. त्या दिवशी मी एकही शब्द गाळला नाही. पत्र तुझे, तुझा अधिकार, आपण मध्ये पडू नये, असा प्रामाणिकपणा मला त्या दिवशी सुचला! ते म्हणाले, "फिरून वाचा." मी पुन्हा वाचले. मग ते म्हणाले, "पोरीचा अक्सर चांगला हाय का?" मी म्हणालो, "चांगले आहे." कागद घेऊन ते गेले.

पंधरा तारखेला दुपारी गर्दी पांगल्यावर मी त्यांना शोधत निघालो. बंदराच्या वाटेवर अब्दुल्लाशेठच्या वखारीत ते चहा पीत बसले होते. माझा चेहरा पाहून शेठ म्हणाले, "या मास्तर, बसा. मी जरा काठीवर नजर टाकून येतो, लोक चढतायत तिच्यावर." ते गेले.

मी म्हणालो, "तुळशीराम, त्या ठाण्याच्या अर्जात..."

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सोडताना जेलर बोल्ला, माफी मागितलीस, शाना झालास. मी बोल्लो, माफी कोनी मागितली? त्यानं कागूद वाचून दावला. खाली माझा अंगठा. मी बोल्लो, मंग मना परत आत घ्या. तो लय हसला. बोल्ला, ही काय धरमशाला हाय? शिपायानं धरून भायेर काढला मना."

 मी विचारले, "मग गावात सांगितले का नाहीस?"

"सांगून? तुमची नोकरी जाती, नायतर तुमी पनवेल सोडून जाता. मंग पोरीला कोन शिकवनार व्हता? आमच्या आळीत एकाला तरी अक्सर येतं का? येक माझी वेणू." चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "आन् सखू जगली ना. तिला ठाव नाय यातलं. ऱ्हावंद्या आता."

मी म्हणालो, "वेणूला मी लिहिणार आहे."

तेव्हा ते पहिल्यांदा रागावले. "नाय लिवायचं! ती मना बोलते ते मी आयकून घेतला. तुमाला बोलली तर तिनं जावं कुनाकडं? येक तरी मानूस ऱ्हावंद्या तिला मान द्यायला."

नऊ दिवस मी त्यांचे म्हणणे तोलतो आहे. ते माझ्या सोयीचे आहे, म्हणूनच मला त्याचा विश्वास वाटत नाही. तुला मान देण्यासारखा माणूस राहावा हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. माणूस चुकीचा धरला आहे, इतकेच.

बुधवारी भगवानरावांना मी लेखी निवेदन दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी केली आणि म्हणाले, "मास्तर, सोहळा झाला, फिती वाटून झाल्या. आता कशाला उकरता?" निवेदन त्यांनी ठेवून घेतले आहे. बुधाजीला मी स्वतः सांगितले. तो म्हणाला, "तुमाला हात लावला असता, पन तुळशीराम रागवंल." त्याने चहा विचारला नाही. बरोबर केले.

वर उशिराबद्दल क्षमा मागितली आहे, ती उशिरापुरतीच. बाकीच्याची मागत नाही. त्या शब्दाचा वापर मी एकदा दुसऱ्याच्या अंगठ्याने करून बसलो आहे. तू मला उत्तर लिहू नकोस. लिहायचे ते वडिलांना लिही, आणि ते माझ्या पत्त्यावर पाठवू नकोस. अब्दुल्लाशेठच्या वखारीत त्यांचा मुलगा मराठी चौथी झालेला आहे, तो वाचून दाखवील. गणपतीत तुला सुट्टी असेल. सखूबाई तुझी वाट पाहतात हे त्यांनी सांगितलेले नाही. मी पाहिले आहे.

तुला मुळाक्षरे शिकवणारा,
श्रीधर टिपणीस

त्याच रात्रीची रोजनिशी. उद्याचे काम : पळस्प्याला चालत जाऊन हे पत्र तुळशीरामला वाचून दाखवणे, तो नको म्हणाला तरी परतताना टपालात टाकणे.