दोर टाकल्याचं पान

देवस्थळी साहेब, बोडणीहून नीराबाई तांडेलचा नमस्कार.

माझ्या बाची, हिरामण तांडेलांची, लढाईतली वही तुम्ही मुंबईला प्रदर्शनात लावलीत. एक पान मात्र झाकणार म्हणालात, आणि फोनवर मी ‘बरं’ म्हणाले. ती माझी चूक झाली.

पंचेचाळीस साली जपानशी लढाई चालली होती तेव्हा बा तेलाच्या बोटीवर खलाशी होता. शेवटचे चार महिने वहीत रोज तेच आहे. विमानांच्या बोटीला तेल दिलं. ती गेली. परत आली, विमानं चार कमी. पुन्हा तेल दिलं. ही पानं तुम्हाला चालतात.

सोळा जुलैचं चालत नाही. ‘पाण्यात जपानी माणूस. कप्तान म्हणाला, थांबायचं न्हाय. मी दोर टाकला. वर आला.’ त्यासाठी बाला आठ दिवस कोंडून ठेवलं. शिक्षा लोकांना कळली तर त्याची बदनामी होईल, असं तुम्ही म्हणता.

साहेब, आमच्याकडे बुडणाऱ्याला दोर टाकताना कुणी त्याचं गाव विचारत नाही. बाने विचारलं असतं, तर बदनामी झाली असती. म्हातारपणी जाळं विणताना तो हा एकच दिवस सांगायचा. बाकीचं तेल तो विसरून गेला होता.

हे पत्र मी टपालात टाकत नाही. टाकलं तर तुम्ही ते वाचून फायलीला लावाल. उद्या रेवसहून पहिल्या लाँचने ते घेऊन मी स्वतःच येते. ते पान उघडा, नाहीतर वही परत द्या. हे वाचून झालं की काचेच्या कपाटाची चावी काढा.

हिरामण खलाशाची लेक,
नीराबाई